कारलं नको, कारल्याची गोळी

भाचा जेवायला आला होता. रविवार, बाहेर मुरलेला पाऊस, आणि मी कारल्याची भाजी केली होती आईच्या पद्धतीची: चकत्या पातळ, मीठ लावून पिळायच्या नाहीत, चिंच-गूळ बेतानं, वरून तिळाचं आणि दाण्याचं कूट. कडूपणा जिभेला कळायला हवा, हा आईचा हट्ट. भाच्यानं एक चकती उचलली, चावली, पाण्याचा घोट घेतला आणि उरलेल्या चकत्या बोटानं ढकलत ढकलत ताटाच्या कडेला नेऊन ठेवल्या. तिशी ओलांडलेल्या मुलाला ‘ताटात टाकू नकोस’ म्हणायचा माझा अधिकार कधीच संपलाय, त्यामुळे मी गप्प. जेवण झालं, हात धुतला, सॅकमधून पांढरी डबी काढून त्यानं एक हिरवट गोळी गिळली. मी विचारलं, कसली रे? ‘लिव्हरसाठी आहे मावशी. केमिकल नाही, सगळं नॅचरल.’ चष्मा लावून डबी वाचली. हळदीचा अर्क, मिरीचा अर्क, ग्रीन टीचा अर्क, मिल्क थिसल आणि सगळ्यात वर, कारल्याचा अर्क.

ताईला हसू आवरेना. मीही हसले, पण भांडी घासताना त्या ताटातल्या चकत्या कचऱ्यात सारल्या तेव्हा ते हसू गेलं होतं.

त्याच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते. त्यात सोनोग्राफीच्या कागदावर ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी साठलेली, असं आलं होतं. टीममधल्या बहुतेकांचं तेच आलं म्हणे, त्यामुळे भीती कमी आणि विनोद जास्त. पण हा मुलगा सडपातळ आहे. पॅन्टला पट्टा लावल्याशिवाय चालत नाही. ताईचं म्हणणं, मशीनच चुकलं असणार. मला मात्र तो फोटो आठवला, जो वैद्यकीय जगात पुष्कळ गाजला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन शेजारी शेजारी उभे. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलेला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. बारीक दिसणारी, आतून चरबी बाळगणारी माणसं ही आपल्याकडची खासियत असल्याचं याज्ञिक पुण्याजवळच्या गावांमधल्या बाळांपासून दाखवत आले आहेत. तेव्हा मशीन चुकलं नसावं. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं हा आजार मधुमेह-हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घातला तो उगीच नाही.

ताईनं मग दुसरा आरोपी शोधला: तूप. माझ्या पिढीला यकृतातली चरबी म्हणजे तूप आणि तळण एवढंच सुचतं. मी आयुष्यभर ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, त्यामुळे हे प्रकरण मला सोडवत नाही. २००५ मध्ये अमेरिकेत मोजक्या रुग्णांवर एक फार देखणा प्रयोग झाला होता. रेणूंना खुणा करून संशोधकांनी यकृतातल्या चरबीचा माग काढला. खाल्लेल्या तेलातुपाचा थेट वाटा निघाला साधारण १५ टक्के. २६ टक्के चरबी यकृतानं स्वतःच साखर आणि पिठूळ पदार्थांपासून घडवलेली. उरलेली ५९ टक्के अंगावरच्या साठ्यातून रक्तावाटे वाहत आलेली. फ्रान्समध्ये हंस-बदकांचं यकृत खाण्यासाठी फुगवतात तेही त्यांना लोणी चारून नव्हे, घशात नळी घालून मका कोंबून. रोमन लोक त्यासाठी वाळलेली अंजिरं वापरत. म्हणजे मका, अंजीर, आणि आपल्याकडे ऊस, मैदा, पांढरा भात. सगळं झाडापासूनच आलेलं की! ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाला डब्यांवर जी सात्त्विक झळाळी असते, ती बघताना मला पश्चिम महाराष्ट्रातला हिरवागार ऊस आठवतो. आणि मळीची दारूसुद्धा.

मग डबीतल्या त्या अर्कांचं काय? ते थोतांड आहे असं मी म्हणणार नाही. वनस्पतींमधली काही द्रव्यं यकृताच्या कामाची असतात हे जुनं ज्ञान आहे, आणि प्रयोगशाळेतही ते नवं नाही. १९३० च्या दशकात टोरांटोत चार्ल्स बेस्ट, इन्सुलिन शोधणाऱ्यांतले बेस्ट, स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्यांना इन्सुलिनवर जगवत होते. कुत्री जगत, पण त्यांच्या यकृतात चरबी साठे. अंड्याच्या बलकात असतं ते लेसिथिन खायला दिलं की ती उतरे. त्यातलं खरं काम कोलीन नावाचा घटक करतो हे मग कळलं. यकृतातली चरबी बाहेर पाठवायला तो लागतो. बीटातलं बीटेनही त्याच्या जोडीचं काम करतं असं दिसलं. पण तिथे मुळात खाण्यातच त्याची उणीव होती आणि ती भरून काढली होती. पुढे २००९ मध्ये फॅटी लिव्हरच्या रुग्णांना बीटेन भरपूर देऊन पाहिलं, तर चरबी काही हटली नाही. कमतरता भरणं आणि वरून ओतत राहणं यांत फरक आहे, आणि बाजार नेमका तोच पुसून टाकतो.

हळदीचंच घ्या. हळदीत कर्क्युमिन असतं साधारण तीन टक्के. चहाचा चमचाभर, तीनेक ग्रॅम हळद घेतली तरी नव्वदएक मिलिग्रॅम. आपण भाजीत घालतो ती चिमूट. गोळीत मात्र पाचशे मिलिग्रॅम सहज. इराणमध्ये अशा गोळ्यांच्या काही छोट्या चाचण्या झाल्या, काही आठवड्यांच्या. सोनोग्राफीत थोडा फरक पडला, यकृताला इजा झाली की रक्तात वाढतात ती एन्झाइम्स थोडी उतरली. त्यावरून कुणी आशा बाळगली तर मी तोडणार नाही. अडचण अशी की कर्क्युमिन पोटात गेलं तरी रक्तात फारसं पोचतच नाही. आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात त्याला एक आम्ल चिकटवून, पाण्यात विरघळेल असं करून बाहेर घालवलं जातं. यकृताला ते परकं वाटतं, आणि ते परकंच आहे. झाडांनी ही कडू-तुरट-रंगीत रसायनं आपल्या कल्याणासाठी बनवलेली नाहीत. किडीनं, जनावरानं तोंड लावू नये म्हणून बनवली आहेत.

१९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या लोकांनी दाखवलं की दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पायपरिन, म्हणजे मिरीतलं तिखट द्रव्य, दिलं तर माणसाच्या रक्तात पोचणारं कर्क्युमिन दोन हजार टक्क्यांनी वाढतं. तेव्हापासून हळदीच्या पुष्कळ गोळ्यांत मिरी आली. ‘शोषण वाढवते’ असं डबीवर अभिमानानं लिहिलेलं असतं. ती वाढवते कशी, तर ते आम्ल चिकटवण्याचं काम मंदावून. यकृताला मदत करायला निघालो आणि पहिलं काय केलं, तर पहारेकऱ्याचेच हात बांधले.

याचे परिणाम दिसले आहेत. औषधांनी होणाऱ्या यकृताच्या इजा नोंदवणाऱ्या अमेरिकेतल्या जाळ्यानं २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे इजा झालेले दहा रुग्ण प्रसिद्ध केले. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकप्रकार होता, म्हणजे हे प्रत्येकाला होणार नाही. पण तो प्रकार आपल्यात आहे की नाही हे कोण तपासून गोळी घेतो? ग्रीन टीचंही तसंच. कपातून प्यायलेल्या चहाबद्दल फारशी तक्रार नाही. पण त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य पूरकांमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त गेलं तर यकृताची एन्झाइम्स वाढतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. आणि आपल्याकडे तर कोविडच्या वर्षी घराघरांत गुळवेलीचा काढा उकळत होता. आमच्या सोसायटीच्या कुंपणावरची वेल लोकांनी मुळापर्यंत ओरबाडली. मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याच वर्षीच्या शेवटच्या महिन्यांत गुळवेल घेतल्यानंतर यकृत बिघडलेले सहा रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली: रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी कोणती ते तपासलंच नाही, गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली असतात. हरकतीत तथ्य आहे. पण मला तर त्या हरकतीनंच जास्त धास्ती वाटली. कुंपणावरची वेल कोणती, हे आमच्या सोसायटीत तरी कुणाला ठाऊक होतं?

‘नॅचरल आहे, म्हणजे त्रास नाही’ हे वाक्य ठाणे जिल्ह्यात वाढलेल्या माणसाच्या तोंडी येतंच कसं, याचं मला नवल वाटतं. पहिला पाऊस पडला की मुरबाड-शहापूरकडच्या बायका डोंबिवलीच्या बाजारात शेवळं घेऊन बसतात. शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतात, आंबट हिरवी फळं. नवखं गिऱ्हाईक काकडं नको म्हणालं तर त्या सरळ सांगतात, मग शेवळंही नेऊ नका, घसा धरेल. अळूत चिंच का, सुरणात कोकम का, हे आपल्या बायकांना कुणी शिकवावं लागलं नाही. कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवायचे, पण खाजणं आधी माहीत होतं, रसायन मागून आलं.

आणि दुधी. आई दुधी चिरायला बसली की देठाकडची एक फोड चाखायची आणि मगच पुढची सुरी चालायची. कडू लागली तर अख्खा दुधी बाहेर. कारलं आणि दुधी एकाच कुळातले; पण कारल्याचा कडूपणा आपण ओळखून आहोत, दुधीत तो आला तर ते विष समजायचं. त्यातल्या कुकुर्बिटासिननं माणसं गेली आहेत. सकाळी उठून दुधीचा रस पिण्याची लाट आली होती तेव्हाच्या अशा घटनांनंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं समिती नेमली आणि सांगितलं, कडू लागणारा रस पिऊ नका. नाक दाबून, औषध म्हणून, ‘कडू आहे म्हणजे गुणकारी असणार’ असं म्हणत पेला रिकामा करणाऱ्यांना हे सांगावं लागलं.

जीभ हे माप आहे. कुणीही एका बैठकीत दहा कारली खाऊ शकत नाही, हळद चार चमचे फाकू शकत नाही, मिरी मूठभर चावू शकत नाही. कडू, तुरट, तिखट यांनी मात्रा आपोआप ठरते. गोळीचं वेष्टण आधी जिभेला चकवतं आणि आतली मिरी मग यकृताला. भाच्याला कारलं नको होतं ते त्याच्या जिभेनं सांगितलं, आणि त्यानं तिचं ऐकून दहा कारल्यांचा अर्क घशाखाली घातला.

तरी भाजीपाल्यानं यकृत सुधारतं याचा पुरावा आहे, आणि चांगला आहे. इस्रायलच्या नेगेव्ह वाळवंटात डिमोना इथे अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या पोट सुटलेल्या २९४ माणसांवर अठरा महिने प्रयोग झाला. २०२१ मध्ये ‘गट’ (Gut) या वैद्यकीय नियतकालिकात तो छापून आला. व्यायाम तिन्ही गटांना. एका गटाला नुसता आरोग्यदायी आहाराचा सल्ला. दुसऱ्याला भूमध्य सागरी पद्धतीचं, कमी उष्मांकाचं जेवण आणि रोज अठ्ठावीस ग्रॅम अक्रोड. तिसऱ्याला तेच, शिवाय लाल मांस जवळपास बंद, तीन-चार कप ग्रीन टी आणि तळ्यावर हिरवा थर धरणाऱ्या मानकाई नावाच्या वनस्पतीचं पेय. यकृतातली चरबी एमआरआयच्या तंत्रानं मोजली. पहिल्या गटात ती बारा टक्क्यांनी घटली, दुसऱ्यात वीस, तिसऱ्यात एकोणचाळीस. गंमत म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाचं वजन जवळपास सारखंच उतरलं होतं. म्हणजे वजनाच्या पलीकडे त्या हिरव्या खाण्यानं काहीतरी केलं. पॉलिफेनॉल, म्हणजे झाडांतली तीच तुरट-रंगीत द्रव्यं, असतील, तंतू असतील, मांस कमी झाल्याचा गुण असेल. एका रेणूच्या नावानं पावती फाडता येत नाही, आणि मला ते फार आवडलं.

पण त्या निबंधात दोन गोष्टी अशा आहेत ज्यांच्यावर माझी नजर अडकून राहिली. भाग घेणाऱ्यांत ८८ टक्के पुरुष होते. आणि अक्रोड, चहा, मानकाई हे सगळं त्यांना फुकट, तयार पुरवलं जात होतं.

कुणी निवडलं नाही. कुणी चिरलं नाही. हे कुठल्याच तक्त्यात मोजलेलं नसतं. केळफुलाची भाजी करायची तर आई आदल्या संध्याकाळी बसायची. एकेक फणी सोडवायची, प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि तो प्लॅस्टिकसारखा पापुद्रा काढून टाकायचा, हाताला आधी तेल लावायचं, चिरलेलं रात्रभर ताकाच्या पाण्यात घालायचं. तरी बोटं काळी पडायचीच. पुढे मी वर्गात फेनॉलचं ऑक्सिडीकरण शिकवताना कळलं की आईच्या नखांत आठवडाभर राहणारा तो काळा रंग म्हणजेच ती बहुमोल पॉलिफेनॉल्स. ती आधी आईच्या हातांत मुरायची, मग आमच्या पोटात जायची. आम्ही सहाजण ती भाजी दहा मिनिटांत संपवायचो आणि वडील म्हणायचे, अजून आहे का?

म्हणून ‘आजीच्या स्वयंपाकघराकडे परत चला’ असं कुणी लिहिलं की मी लिहिणाऱ्याचं नाव बघते. बहुतेक वेळा पुरुष असतो. मी स्वतः त्या स्वयंपाकघरातून पाय काढला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. सोललेले मटार पाकिटात मिळायला लागले त्या दिवशी मी आनंदानं दोन पाकिटं घेतली. नोकरीची वर्षं मी दादर-डोंबिवली अशी काढली आणि बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणाऱ्यांतलीच मी एक. ठाण्यापर्यंत जुडी संपायची, दिवा स्टेशनापर्यंत देठांची पुरचुंडी बांधून व्हायची. समोरची अनोळखी बाई न विचारता अर्धी जुडी ओढून घ्यायची. त्यावर पुढे किती हळवं लिहिलं गेलं! मला आठवते ती मानेची कळ, आणि बोटांना येणारा मेथीचा वास, जो साबणानं जात नसे. आमच्या नवऱ्यांच्या डब्यात त्याच वेळी पत्ते रंगलेले असत.

भाचा रात्री साडेनऊला घरी पोचतो. एकटा राहतो. जुडी आणून, निवडून, तीनदा धुऊन, चिरून, परतून खायचं तर अकरा वाजतील. त्या वेळात मागवलेली बिर्याणी आणि थंड पेयाची बाटली संपून झोपही लागलेली असते. मग ती डबी त्याला का पटणार नाही? जिभेला वळसा, यकृताला वळसा, तसाच तिसरा वळसा ती स्वयंपाकघरालाही घालते, आणि पैसे तो खरं तर याच तिसऱ्याचे देतो. पहिल्या दोघांसाठी मी त्याच्याशी भांडू शकते. मिरीचं आणि त्या दहा रुग्णांचं मी त्याला फोनवर सांगितलंही. डॉक्टरांना डबी दाखव म्हटलं. डॉक्टरांनी ती बंद करायला लावली, साखर आणि रात्रीचं खाणं सांभाळायला सांगितलं, पोटाचा घेर उतरव म्हणाले, काळी कॉफी चालेल म्हणाले. पण तिसऱ्याबद्दल कुठल्या तोंडानं भांडू? त्याला कुणी निवडून देणारी नाही, आणि कुणी असावी असंही मला वाटत नाही. ताईला मात्र वाटतं. लग्न झालं की होईल ठीक, हा तिचा यकृतावरचा उपाय. आमचं त्यावरून वाजलंच.

डोंबिवली स्टेशनबाहेर पोळीभाजीची दुकानं आहेत तशी निवडलेल्या भाजीचीही आहेत. निवडलेली मेथी, चिरलेली लाल भोपळ्याची फोड, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी. आत चार-पाच बायका पाटावर बसून दिवसभर निवडत असतात. संध्याकाळच्या गाड्यांना खांद्यावर सॅक लावलेली पोरं उतरतात आणि हल्ली त्यातली काही तिथे थांबतात, पाकीट हातात घेऊन ‘हे किती वेळ शिजवायचं?’ असं विचारतात. गल्ल्यावरची बाई न कंटाळता सांगते: लसूण आधी, झाकण नको, मीठ शेवटी. निवडलेल्या मेथीला जुडीच्या दुपटीहून जास्त भाव पडतो. मागच्या आठवड्यात एक गृहस्थ त्यावरून हुज्जत घालत होते, नुसतं निवडायचे एवढे पैसे? मी मागे उभी होते. त्यांना म्हटलं, जुडी घ्या आणि गाडीत बसून निवडून बघा, दिव्यापर्यंत होते.